सचिनच्या हवेचं बिल राहणाऱ्यांच्या नावे फाडू नका

जुन्या घरातल्या हवेच्या नळ्या, एसीचं डक्ट, जाळ्या आणि झरोके पैसे मोजून साफ करून घेतले की घरच्यांचा खोकला थांबतो, दमा आटोक्यात राहतो, असा सल्ला शहरांच्या कडेला राहणाऱ्यांना आता सर्रास दिला जातो. सल्ला मूळचा अमेरिकेतल्या उपनगरांचा. आता तो सुरतेतही ऐकू येतो, सचिनच्या गल्ल्यांतही पोहोचला आहे. या सल्ल्यात तथ्य किती, ते पुढे सांगतोच. पण त्याला जोडून एक वाक्य हमखास येतं आणि माझा खरा वाद त्याच्याशी आहे: बाहेरची हवा काही आपल्या हातात नाही, निदान घरातली तरी सांभाळा. ऐकायला हे समंजस वाटतं. सचिनमध्ये ते चूक आहे आणि घातकही आहे. ज्याच्या चिमणीतून धूर निघतो त्याला ते मोकळं सोडतं आणि ज्याच्या छातीत धूर जातो त्याच्या हाती बिल ठेवतं.

सचिन हे एके काळचं सिद्दी नबाबांचं छोटं संस्थान. आज ती सुरतेच्या दक्षिण टोकाची औद्योगिक वसाहत आहे आणि तिच्याभोवती दाट वस्ती आहे. २०२० मध्ये सचिन आणि शेजारची कनकपूर-कनसाड, या दोन्ही नगरपालिका सुरत महापालिकेत विलीन झाल्या. डाइंग-प्रिंटिंगच्या मिला, यंत्रमागांची खाती, रसायनांचे कारखाने, आणि त्यांत राबणारी ओडिशाची, उत्तर प्रदेश-बिहारची आणि आपल्या खानदेशची माणसं. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून तापीच्या खोऱ्यातल्या रेल्वेमार्गानं पिढ्यान्‌पिढ्या लोक सुरतेला येत राहिले. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली इथं अहिराणी जितक्या सहज कानावर पडते तितकी ती पुण्यातही पडत नाही. म्हणून सचिनची हवा हा गुजरातचा प्रश्न असला तरी तो मराठी वाचकाच्या घरचाही आहे.

इथलं जुनं घर कसं असतं? तळमजल्यावर मालक आणि वर खोली-खोलीनं भाडेकरू असलेलं रो-हाउस, लिफ्ट नसलेली तीन-चार मजली अपार्टमेंट, पत्र्याच्या छपराच्या ओळीतल्या खोल्या. यांतल्या कशातच भिंतीतून आणि छतातून फिरणारं हवेचं डक्ट नसतं. ते असतं अमेरिकेतल्या घरात. तिथं तळघरात किंवा माळ्यावर एक भट्टी असते, थंडीत गरम आणि उन्हाळ्यात गार हवा पत्र्याच्या नळ्यांतून प्रत्येक खोलीत ढकलली जाते आणि दुसऱ्या जाळीतून परत ओढली जाते. आपल्याकडे तशी व्यवस्था मॉलमध्ये, मोठ्या कार्यालयात, रुग्णालयात सापडते. शस्त्रक्रियागृहाला हवा पुरवणारं डक्ट आणि त्याचे फिल्टर नेमानं तपासलेच पाहिजेत, त्याबद्दल दुमत नाही.

सचिनच्या घरात असलाच तर भिंतीवर एक स्प्लिट एसी असतो. तो बाहेरची हवा आत घेत नाही. खोलीतलीच हवा गार करून परत खोलीत सोडतो. पुढचं झाकण उघडलं की प्लॅस्टिकची जाळी दिसते. ती केस, धागे आणि जाडी धूळ अडवते. मागच्या गार कॉइलवर आणि पाणी साचणाऱ्या ट्रेमध्ये ओल राहते, तिथं बुरशी धरते. जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवावी, उन्हाळ्याआधी मेकॅनिककडून कॉइल आणि ट्रे धुऊन घ्यावा, पाणी जाणारा पाइप तुंबलेला नाही ना ते पाहावं. एवढं पुरतं. यापलीकडे कुणी जंतुनाशकाचा फवारा, सुगंधी धुराचं यंत्र किंवा ओझोनचं मशीन विकू लागलं, तर घरात आणखी एक रसायन आणण्याचे पैसे तुम्ही देत आहात. ओझोन स्वतःच फुप्फुसाला त्रास देणारा वायू आहे.

जुन्या अपार्टमेंटमध्ये एक जागा मात्र खरंच साफसफाई मागते. संडास-बाथरूमच्या खिडक्या ज्यात उघडतात आणि सांडपाण्याचे पाइप ज्यातून खाली उतरतात तो उभा चौक. लोक त्यालाही डक्टच म्हणतात. वरून फेकलेला कचरा, कबुतरांची घरटी, पाझरणारा पाइप, हिरवी पडलेली भिंत. कबुतरांच्या विष्ठेची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काही जणांच्या फुप्फुसाला कायमची सूज येते, हे वैद्यकात पक्कं ठाऊक आहे. ती जागा सोसायटीनं साफ करावी, जाळी बसवावी, पाइप बदलावा. फक्त हे काम करताना सांडपाण्याच्या बंद टाकीत कुणालाही उतरवू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये याच सुरत जिल्ह्यात, पलसाणा तालुक्यातल्या एका डाइंग मिलच्या टाकीत सफाईसाठी उतरलेले चार कामगार गुदमरून मेले.

आता मूळ सल्ल्याकडे येऊ. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेनं, म्हणजे ईपीएनं, १९९७ मध्ये डक्ट-सफाईवर घरमालकांसाठी एक पुस्तिका काढली. त्यातला निष्कर्ष सरळ आहे: डक्ट साफ केल्यानं आजार टळतात हे कधीही सिद्ध झालेलं नाही, आणि डक्ट मळलेलं असल्यानं घरातल्या हवेतले कण वाढतात हेही अभ्यासांतून पक्केपणानं दिसलेलं नाही. आत साचलेली बरीचशी धूळ पत्र्याला चिकटून बसते, ती खोलीत येतेच असं नाही. उलट सफाई वाईट झाली तर बसलेली धूळ उठते आणि घरात पसरते. सफाई कधी करावी, तर आत डोळ्यांना दिसेल अशी बुरशी असेल, उंदीर-किडे शिरले असतील, किंवा नळी कचऱ्यानं तुंबली असेल तेव्हा. दर वर्षी नेमानं करण्याची शिफारस ही संस्था करत नाही. जिथं घरोघरी डक्ट आहे तिथल्या सरकारी संस्थेचं हे मत आहे. न्यू जर्सीत जुनं घर घेतलेल्या मराठी कुटुंबांनीही ते आधी वाचावं आणि मग सफाईवाल्याला फोन करावा.

सफाईच्या बाजूनं बोलणाऱ्यांकडे एक आकडा कायम तयार असतो. घरातली हवा बाहेरच्यापेक्षा दोन ते पाच पट दूषित असते. हा आकडा खोटा नाही आणि म्हणूनच त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. १९८० च्या दशकात लान्स वॉलेस यांच्या नेतृत्वाखाली ईपीएनं काही शहरांत लोकांच्या अंगावर हवेचे नमुने घेणारी उपकरणं बांधून मोजमाप केलं. न्यू जर्सीतली बेयॉन आणि एलिझाबेथ ही शहरं त्यांत होती. तेलशुद्धीकरण आणि रसायनांच्या कारखान्यांशेजारची, म्हणजे सचिनचीच भावंडं. तिथंही काही बाष्पनशील रसायनांचं प्रमाण घराबाहेरपेक्षा घरात जास्त निघालं. पण ती आली कुठून? सिगारेटच्या धुरातून, ड्रायक्लीन करून आणलेल्या कपड्यांतून, रंग आणि द्रावकांतून, डांबरगोळ्यांतून, गरम पाण्याच्या आंघोळीतून. वॉलेस यांच्या अभ्यासातून निघणारा उपाय होता ती वस्तू घरातून काढण्याचा. शिवाय तो आकडा मोजक्या रसायनांपुरता आहे. त्याच्या जोरावर कोळशाची राख, गंधकाचा धूर आणि नाल्यातला विषारी वायू यांबद्दल काहीही सिद्ध होत नाही.

घरात निर्माण होणारा धूर मी नाकारत नाही. खिडकी नसलेल्या कोपऱ्यात फोडणी, रात्रभर जळणारी डासांची कॉइल, दारं लावून लावलेल्या उदबत्त्या यांचा त्रास खरा आहे, आणि तो सर्वांत जास्त स्वयंपाक करणाऱ्या बाईला आणि लहान मुलांना होतो. स्वयंपाकघरात एक साधा एक्झॉस्ट पंखा आणि कॉइलऐवजी मच्छरदाणी, यांनी होणारा फायदा कुठल्याही डक्ट-सफाईतून मिळणार नाही.

आणि मग उरते ती बाहेरची हवा. कापड रंगवायला आणि छापायला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला कोळसा किंवा लिग्नाइट. काही ठिकाणी कापडाच्या चिंध्याही जाळल्या जातात; त्या बहुतांशी पॉलिएस्टरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्याच. पुढे स्टेंटर मशीनमध्ये कापड तापवून ताणलं जातं तेव्हा त्यावरच्या तेलांचा आणि रसायनांचा निळसर धूर वेगळ्या नळीतून वर जातो. या धुरातले अडीच मायक्रॉनहून बारीक कण केसाच्या जाडीच्या विसाव्या-तिसाव्या हिश्शाएवढे असतात. ते जमिनीवर बसत नाहीत, झाडूत येत नाहीत, एसीच्या जाळीतून आरपार जातात आणि फुप्फुसाच्या तळाशी पोहोचतात. जागतिक आरोग्य संघटना या कणांची वार्षिक सरासरी घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम असावी म्हणते. आपलं राष्ट्रीय मानक ४० आहे. खिडकी उघडी असलेल्या खोलीतली हवा तासाभरात अनेकदा बदलते. म्हणजे सकाळी घरभर फिरवलेल्या व्हॅक्यूमनं जे काय मिळालं, ते दुपारच्या आत संपलेलं असतं. पत्र्याखाली राहणाऱ्या माणसाला खिडकी लावून घे असं एप्रिल-मे महिन्यात सांगणारा माणूस त्या खोलीत कधी बसलेला नाही.

वायूची गोष्ट तर याहून भयंकर. ६ जानेवारी २०२२ च्या पहाटे सचिनच्या औद्योगिक वसाहतीत (जीआयडीसीत) एका टँकरमधला रासायनिक कचरा चोरून नाल्यात सोडला जात होता. नाल्यातल्या पाण्याशी आणि आधीच्या रसायनांशी त्याची प्रक्रिया होऊन विषारी वायू उठला. शेजारच्या डाइंग मिलमधले कामगार जागच्या जागी कोसळले. सहा जण मेले, वीसहून अधिक रुग्णालयात गेले. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं प्रकरण स्वतःहून हाती घेतलं. कचऱ्याचा माग काढत तपास आपल्या तळोज्यापर्यंत आला. अशा नाल्यांतून उठणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत पसरतो, आणि प्रमाण वाढलं की नाकच बधिर करतो, त्यामुळे वास थांबला म्हणजे धोका टळला असं समजून माणूस तिथंच राहतो. धुळीचा कोणताही फिल्टर या वायूला अडवत नाही. त्या सहा जणांच्या बाबतीत कुणी स्वच्छता पाळायची होती? पुढे २९ नोव्हेंबर २०२३ च्या पहाटे इथल्याच एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन आग लागली आणि दुसऱ्या दिवशी आतून सात मृतदेह निघाले.

यावर ठरलेलं उत्तर येतं की हे सगळं मोठ्या लोकांच्या हातातलं, आपण काय करणार. हे उत्तर सुरतेत तरी कुणी देऊ नये, कारण याच शहरानं ते दोनदा खोटं पाडलं आहे.

पहिल्यांदा १९९४ नंतर. त्या वर्षी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात प्लेगच्या गाठींचे रुग्ण आढळले आणि सप्टेंबरमध्ये सुरतेत फुप्फुसाच्या प्लेगची साथ उठली. लाखो लोक शहर सोडून पळाले. त्यात आपली माणसंही होती. कचरा आणि तुंबलेली गटारं तेव्हाही होती, आणि आपापलं अंगण झाडा असं तेव्हाही म्हणता आलं असतं. १९९५ मध्ये आलेले आयुक्त एस. आर. राव यांनी तसं केलं नाही. त्यांनी अधिकाऱ्यांना वातानुकूलित खोलीतून उठवून रोज रस्त्यावर काढलं. 'एसी टु डीसी', एअर कंडिशनमधून डेली चोअर्सकडे, हे त्यांचं सूत्र सुरतेत अजून आठवतं. अतिक्रमणं हटली, दंड झाले, रोजच्या कामाचा हिशोब रोज घेतला गेला, आणि दीडेक वर्षात शहर देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत मोजलं जाऊ लागलं. शहर बदललं ते ज्यांच्याकडे अधिकार होता त्यांना कामाला लावल्यामुळे.

दुसरी गोष्ट थेट धुराची आहे, आणि ती सचिनमध्ये घराघरांत माहीत असायला हवी. २०१९ मध्ये गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळानं सुरतेत चिमणीतून निघणाऱ्या कणांच्या परवान्यांचा बाजार सुरू केला. कणरूप प्रदूषणासाठी असा बाजार जगात पहिला. आधी कारखान्यांच्या चिमणीत धूर सतत मोजणारी यंत्रं बसवली. सगळ्यांनी मिळून किती कण सोडायचे याची मर्यादा ठरवली, तेवढेच परवाने वाटले. ज्याच्या चिमणीतून कमी धूर गेला त्यानं उरलेले परवाने विकायचे, ज्याचा जास्त गेला त्यानं विकत घ्यायचे, आणि परवाने कमी पडले तर आधी भरलेल्या अनामत रकमेतून दंड कापायचा. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी ३१८ कारखान्यांवर हा प्रयोग तपासला. निम्म्यांना बाजारात घेतलं, निम्म्यांवर जुनीच पद्धत ठेवली. बाजारातल्या कारखान्यांचे कण २० ते ३० टक्क्यांनी घटले. त्यांनी जवळजवळ प्रत्येक वेळी सोडलेल्या धुराइतके परवाने दाखवले, तर जुन्या पद्धतीतले कारखाने सुमारे एक तृतीयांश वेळा मर्यादा ओलांडतच राहिले. हा निष्कर्ष २०२५ मध्ये क्वार्टर्ली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये छापून आला. बाहेरची हवा आपल्या हातात नाही म्हणणाऱ्यानं आधी याचं उत्तर द्यावं.

त्या प्रयोगाची मर्यादाही सांगितली पाहिजे. तो कणांपुरता आहे. वायू, स्टेंटरचा धूर आणि रात्रीचे टँकर त्यात मोजले जात नाहीत. म्हणून मागणी तिथंच थांबवता येणार नाही. पण एक गोष्ट त्यानं निकालात काढली आहे: चिमणीपाशी धूर मोजता येतो आणि मोजला की तो कमीही होतो.

यापुढचा आक्षेप पुरस्काराचा. २०२४ च्या स्वच्छ वायु सर्वेक्षणात दहा लाखांवरच्या शहरांत सुरत पहिली आली, मग तक्रार कसली? सुरतेचं अभिनंदन मीही करतो. त्या सर्वेक्षणात रस्त्याची धूळ, कचरा, बांधकामाचा राडारोडा, वाहनं, कारखाने यांबाबत शहरानं काय पावलं उचलली याचे गुण असतात, आणि पीएम-१०, म्हणजे दहा मायक्रॉनपर्यंतचे कण, किती घटले याचे. हे गुण सगळ्या शहराच्या कामाचे. सचिनमध्ये पहाटे तीन वाजता बॉयलरशेजारच्या गल्लीत काय असतं, ते त्यातून कळत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या औद्योगिक क्षेत्रांच्या निर्देशांकात सुरतेला ७६.४३ गुण होते. ७० च्या वर गेलं की क्षेत्र अतिगंभीर प्रदूषित ठरतं. त्या यादीत सर्वांत वर ९३.६९ गुणांनी आपलं तारापूर होतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकानं विसरू नये. कारखान्यांशेजारी राहणाऱ्या डोंबिवलीकरांना यातलं काही वेगळं समजावण्याची गरज नाही.

आणि शेवटचा, सर्वांत जुना आक्षेप: कारखान्याला हात लावाल तर पोटावर पाय येईल. सचिनमध्ये हा आक्षेप मनापासून घेतला जातो, कारण इथं धूर खाणारा आणि मिलमध्ये पाळी करणारा माणूस एकच असतो. बारा तास तो आत श्वास घेतो, उरलेले बारा तास बाहेर. त्याच्याशी बोलताना मी रोजगाराचा मुद्दा हलका करणार नाही. पण वर सांगितलेल्या प्रयोगात कारखाने बंद पडले नाहीत. तेवढेच कण कमी करायला बाजारातल्या कारखान्यांना जुन्या पद्धतीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी खर्च आला. सायक्लोन, बॅग फिल्टर, स्क्रबर ही धूर गाळणारी यंत्रं काही नवी शोधायची नाहीत. कित्येक मिलांत ती बसवलेलीच आहेत. ती चालू ठेवायला वीज आणि पाणी लागतं, म्हणून कुणी बघत नसलं की बंद होतात. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या चौदाव्या कलमातच लिहिलं होतं की धूळ आणि धूर जिथं निघतो, शक्य तितक्या त्या जागेजवळ ओढून घेण्याची व्यवस्था करावी. स्वातंत्र्याच्या दुसऱ्या वर्षी हे समजलं होतं. घराघरात हवेची नळी शोधत फिरणं म्हणजे त्याच्याही मागे जाणं.

हवेसाठी पैसे आणि वेळ द्यायचाच असेल तर सोसायटीच्या आणि मंडळाच्या बैठकीत हे ठरवा. चिमणीतल्या यंत्राचे आकडे मिलच्या फाटकावर, गुजराती, हिंदी आणि मराठीत, रोज लागले पाहिजेत. ते आजही प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संगणकावर जातात, लोकांना दाखवायला नवं यंत्र लागत नाही. मंडळाची तपासणी रात्रपाळीत झाली पाहिजे, कारण चिंधी रात्री जळते आणि टँकर रात्री उलटतो. वसाहतीत येणाऱ्या प्रत्येक रसायनाच्या टँकरची नोंद फाटकावर घ्यावी आणि ती नगरसेवकाला मागताक्षणी दाखवावी. काळा धूर दिसला की वेळ टाकून फोटो काढा आणि तक्रार लेखी द्या, पोच घ्या. तोंडी तक्रारीचा मागमूस राहत नाही. नाल्यातून सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाहायला जाऊ नका, वाऱ्याच्या आडव्या दिशेनं आणि उंचावर निघा, मिलमधल्यांना बाहेर काढा आणि अग्निशमन दलाला १०१ वर कळवा. एसीची जाळी रविवारी नळाखाली धुवा. त्याला पैसे पडत नाहीत.